यान्बूच्या उत्तरेचं टेकलेलं जहाज

यान्बूला रिफायनरीच्या कामावर मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, त्या काळात शहराच्या उत्तरेला डांबरी रस्ता संपला की पुढे काहीच नव्हतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे लांबवर काळे उघडे डोंगर आणि मधे मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन. ही जमीन वरून कडक आणि आतून चिखल. टायरमधली हवा थोडी सोडायची आणि आपल्याआधी कुणी गेलं असेल त्याच्या चाकोरीवरून गाडी हाकायची. चाकोरी संपली की तिथे तंबू ठोकायचा.

कॅम्पातले आमचे लोक शुक्रवारी झोपून राहायचे, नाहीतर व्हीसीआरवर सिनेमे बघायचे. मला ते जमायचं नाही. मी मालवणचा, घरात रापणीच्या मासेमारीत वाटा होता, चालायला लागायच्या आधी खाऱ्या पाण्यात बसलेला माणूस. मला समुद्राकडे घेऊन जाणारा भेटला तो मात्र सोलापूरकडचा. माझ्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून सरकारी इस्पितळात गेलो, तिथे हे मराठी डॉक्टर. कॉलेजात जाईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि आता त्यांना त्याचं वेडच लागलं होतं. कण काढता काढता ते मला विचारत होते, "हमूर मासा गळाला लागला की खाली कपारीत घुसतो. मग त्याला बाहेर कसा काढता तुम्ही लोक?"

त्या वर्षी एक अमेरिकन इंजिनियर कायमचा देशी परत निघाला. जाताना त्याने आम्हा दोघांना कॅम्पातल्या पोहण्याच्या तलावात डायव्हिंग शिकवलं आणि आपलं सगळं सामान डॉक्टरांना देऊन गेला: टाक्या, मास्क, काळे रबरी सूट आणि मोटर लावलेली एक रबरी होडी. त्यानंतर आमचे गुरुवार-शुक्रवार किनाऱ्यावर जाऊ लागले. डॉक्टर, त्यांची बायको म्हणजे वहिनी, आणि मी. वहिनी पाण्यात उतरत नसत. त्या तंबूच्या सावलीत दुर्बीण घेऊन बसायच्या, पक्षी बघायच्या, आणि आम्ही आणलेली मासळी डॉक्टरांपेक्षा सराईतपणे साफ करायच्या. मूळच्या मिरजेच्या, पण हात कोळणीचा.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही नेहमीपेक्षा बरेच पुढे गेलो. किनाऱ्यावरच्या शेवटच्या चौकीत शिपायाकडे इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, ठेवायचे आणि परतताना घ्यायचे, असा रिवाज होता. शिपाई कोवळा, मिसरूड फुटलेला. त्याला आम्ही विचारलं, "पुढे कुणी आहे का?" त्याने हात झाडले. "मा फी नफर." कोणी माणूस नाही. मग जरा थांबून, समुद्राकडे बोट करून म्हणाला, "सफिना. जहाज आहे. तिथेही मा फी नफर."

ते जहाज दुपारी दिसलं. अर्धगोल खाडी, शंखाच्या चुऱ्याची पांढरी वाळू, आणि खाडीच्या तोंडाशी, जिथे प्रवाळाची भिंत संपून पाणी एकदम काळंनिळं होतं, तिथे ते एका कुशीवर कलून बसलेलं होतं. फार मोठं नव्हतं. मालवाहू, गंजून तांबडं झालेलं, एकच धुराडं. बंदरात जागा मिळेना म्हणून जहाजं महिनोन्महिने बाहेर तिष्ठत उभी राहायची, असे ते दिवस होते. त्यात एखादं वादळात नाहीतर धुळीत भरकटून प्रवाळावर चढायचं आणि मालकही त्याचा नाद सोडून द्यायचे. तशातलंच हे असणार असं आम्ही धरून चाललो.

त्या खाडीत काहीतरी चुकल्यासारखं होतं, ते मला तंबू ठोकतानाच जाणवलं. एरवी त्या किनाऱ्यावर माणूस नसला तरी हालचाल असते. खेकडे पळतात, बगळे उभे असतात, वारा तंबूचं कापड फडफडवतो. इथे वारा पडलेला, पाणी तेलासारखं, आणि सगळ्यावर एक पांढुरकी झळ. वहिनी म्हणाल्या, "इथे आपण मोठ्याने का बोलत नाही आहोत?" तेव्हा लक्षात आलं, आम्ही तिघेही मघापासून कुजबुजत होतो.

डॉक्टरांना जहाज खालून बघायचं होतं. होडी घेऊन आम्ही गेलो, त्याच्यापासून थोडं लांब नांगर टाकला आणि उतरलो. लाल समुद्राचं पाणी इतकं स्वच्छ की खाली जाताना पडतोय असं वाटतं. जहाजाच्या पोटाला एक लांब फाट होती. आत सिमेंटची पोती होती. पोती म्हणजे त्यांचे दगड झालेले. कागद कुजून गेला होता, पण पोत्यांचे आकार, एकावर एक रचल्यामुळे आलेल्या वळ्या, तोंडाच्या शिवणीचे ठसेसुद्धा दगडात तसेच राहिले होते. जणू त्या जहाजाने दगडी उशाच वाहून आणल्या होत्या. त्यांच्या फटीत मासे होते, पण मी आयुष्यभर मासे बघत आलोय, ते तसे कधी बघितले नाहीत. हलत नव्हते. तोंडं एकाच दिशेला, जहाजाच्या आतल्या अंगाला.

पाण्याखाली एकमेकांना बोलवायचं तर डॉक्टर सुरीच्या मुठीने आपल्या टाकीवर ठोकत. ठण ठण. त्यांनी मला फाटीकडे बोलवायला ठोकलं. मी वळलो, आणि पुन्हा ठण ठण झालं. मी हात वर करून "येतोय" म्हणून खूण केली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. सुरी पायाला लावलेल्या म्यानात होती.

पाण्याखाली आवाजाला दिशा नसते. तो सगळीकडून येतो, म्हणजे आपल्याच डोक्यात वाजल्यासारखा वाटतो. वर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा तू ठोकलंस ना?"

"नाही. मला वाटलं तुम्ही."

आम्ही होडीत बसून जहाजाकडे पाहिलं. कुठेच काही नाही. गंजाचे ओघळ आणि वर रिकामं आकाश.

किनाऱ्यावर वहिनी उभ्याच होत्या. आम्ही काही सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "त्या जहाजावर माणूस आहे."

"दिसला तुला?" डॉक्टरांनी विचारलं.

"माणूस नाही दिसला. तुम्ही गेलात तेव्हा मागच्या दोरीवर एक सदरा वाळत होता. मला वाटलं, जुनी चिंधी असेल. मग पक्षी शोधत बसले. पुन्हा दुर्बीण लावली तर सदरा नाही. वारा नाहीये हो. चिंधी उडून जाणार कशी?"

त्या रात्री तंबूच्या बाहेर कोणी झोपलं नाही, एवढंच सांगतो.

सकाळी उजेडात सगळ्यांना धीर आला. डॉक्टर म्हणाले, जहाज खडकावर टेकलंय, कुठेतरी साखळी सैल असेल, आपटत असेल. खात्री करून घेऊ. आम्ही पुन्हा उतरलो आणि जहाजाच्या अगदी पोटाशी गेलो. डॉक्टरांनी टाकीवर दोनदा ठोकलं. थोडा वेळ गेला. मग जहाजातून दोन ठोके आले. डॉक्टरांनी तीन ठोके दिले. तीन आले. मग ते थांबले आणि मास्कच्या काचेतून माझ्याकडे बघत राहिले. आम्ही दोघेही काही करत नव्हतो. आणि तेव्हा आतून आपणहून ठोके सुरू झाले, घाईघाईने, न मोजता येण्यासारखे, दार उघडायला सांगणाऱ्या माणसाचे असतात तसे.

वर आलो. डॉक्टर म्हणाले, "साखळी मोजून उत्तर देत नाही." मग म्हणाले, "वर चढू या."

कललेल्या बाजूला दोराची शिडी लोंबत होती. रबरी सूट घातलेलेच आम्ही चढलो. डेकवर पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट ध्यानात आली, ती ही की डेक धुतलेला होता. बाहेरून पापुद्रे निघालेलं ते जहाज वर मात्र झाडूनपुसून लख्ख. दोर वेटोळी घालून नीट ठेवलेले. एका तारेवर फाडून खारवलेले मासे ओळीने वाळत होते. आणि कुठूनतरी शिजणाऱ्या भाताचा वास येत होता.

वासामागे आम्ही गेलो. जेवणाच्या खोलीचं दार उघडं होतं. लांब टेबल, जहाज कललं म्हणून तेही कललेलं. ताटं घसरू नयेत म्हणून त्यांच्याखाली ओली फडकी पसरली होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ताटं मांडलेली. प्रत्येकाशेजारी पेला, पेल्यात पाणी, आणि कललेल्या टेबलावर ते पाणी आपलं सरळ रेषेत. ताटांवर दुसरी ताटं झाकली होती. खुर्च्या रिकाम्या.

मागून आवाज आला, "ऊपर आ गए? अच्छा किया."

मी वळलो. दारात एक माणूस उभा होता, साठीच्या आसपासचा, बारीक, दाढी कातरलेली, केसांना तेल, कमरेला पांढरं स्वच्छ फडकं. हातात हातोडी. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, त्यानेच मी जास्त घाबरलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आवशीचो घो!"

त्याने मान कलती केली. "मालवणचो?"

"होय," मी म्हणालो.

"आणि हे?"

"हे डॉक्टर. घाटावरचे."

"बसा. तुमका थंडी लागली असतली." त्याने हातोडी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मग आमच्या ओल्या काळ्या सुटांकडे बघत अगदी सहज विचारलं, "पाण्यात किती दिस होतास?"

डॉक्टर म्हणाले, "दिवस नाही हो काका. अर्धा तास."

लहान मूल काही चुकीचं बोललं की आपण हसतो आणि सोडून देतो, तसा तो हसला. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणून म्हणाला, "तो कसो हा?"

"कोण?"

"आमचो तेलवालो. खाली गेलो तो. तुमी थंयसूनच इलास ना? मग तुमका गावलो असतलो."

डॉक्टर सोलापूरचे असले तरी त्यांना ते समजलं होतं. ते हळूच खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "काका, सगळं पहिल्यापासून सांगा."

त्याने सांगितलं. सांगताना तो आम्हाला चहा देत होता, कोरा, साखर नसलेला. तो त्या जहाजाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. देवगडच्या अलीकडच्या एका खेड्यातला. सिमेंट घेऊन आले, बंदराबाहेर तिष्ठत राहिले, आणि धुळीच्या वादळात नांगर घसरून इथे चढले. कप्तान आणि बाकीची माणसं दुसऱ्या बोटीत बसून गेली. मालकाचा निरोप होता की जहाज सोडायचं नाही, दोघांनी राहायचं, ओढून काढायला टग येतोय. भंडारी राहिला आणि इंजिनाला तेल देणारा तेलवाला राहिला. दोघेही एकाच गावचे, लहानपणापासूनचे दोस्त. टग आला नाही. इंजिनाच्या खोलीत पाणी चढत गेलं.

"एक दिस मी गॅलीत मासे तळी होतंय. तो दारात इलो. 'जातंय रे' म्हणालो. आणखी कायतरी म्हणालो, तेलाच्या आवाजात माका ऐकाक येवक नाय. मी म्हटलंय, जा, जेवण झाकून ठेवतंय. तो गेलो. सांज झाली तरी येवक नाय. सगळो जहाज शोधलंय. खाली जिन्यावर पाणी. तेवा समाजला, खाली गेलो."

"मग?"

"मग वाजवक लागलो." त्याने बोटांनी टेबलावर दोनदा वाजवलं. "मी वरसून वाजवतंय. तो खालसून वाजवता. जित्तो आसा. पण वर येवक तेका वाट गावना नाय."

डॉक्टरांनी आपली सुरी काढली आणि मुठीने टेबलाच्या लोखंडी पायावर ठोकलं. ठण ठण. "काका, हा आवाज ना? हे आम्ही केलं. काल दुपारी आणि आज सकाळी. तुम्ही ऐकलंत आणि उत्तर दिलंत. खाली कोणी नाही."

भंडाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "होय. ता तुमी. तुमी दिवसाचे. तो सांजेक वाजवता."

"आम्ही इथे कालच आलो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कधीपासून ऐकताय?"

"पाऊस पडललो त्याच्याही आदीपासून," तो म्हणाला. यान्बूला त्या वर्षी एकदाच पाऊस पडला होता, आणि त्याला बरेच दिवस झाले होते.

"ही इतकी ताटं कुणाची?" मी विचारलं.

"सगळ्यांची. दोगांक मांडलंय तर एकच रिकामा दिसता. सगळ्यांक मांडलंय की जेवण व्हायचा आसा असा वाटता."

आम्ही त्याला बरोबर चला म्हणालो. तो उठला, ताटं पुसू लागला. पोहता येत नाही म्हणाला. होडी आहे म्हणालो, तर म्हणाला, तेलवाल्याला सोडून कसा येऊ. किनाऱ्यावर आमचा तंबू त्याने पाहिला होता. त्या झळीत रोज काही ना काही दिसतं, घरं, झाडं, एकदा तर माडांची अख्खी रांग, म्हणून त्याने तो खरा धरला नव्हता.

दुपारभर आम्ही घोळ घातला. डॉक्टर गाडी घेऊन चौकीवर जाऊन आले. शिपाई ऐकायलाच तयार नव्हता. जहाज रिकामं आहे, त्यांना तसंच सांगितलं होतं. साहेब संध्याकाळी येतील म्हणाला. इकडे आम्हा दोघांना शनिवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, आणि त्या माणसाला तिथे टाकून जायची कल्पना कुणालाच सहन होत नव्हती. ठरलं असं की मी जहाजावर त्याच्यासोबत बसायचं, त्याचीच बोली बोलून मन वळवायचं, आणि अंधार पडायच्या आत डॉक्टरांनी होडी घेऊन न्यायला यायचं.

मी बसलो. गावच्या गोष्टी निघाल्या. बाजार, रापण, कुणाच्या जत्रेला कुठलं नाटक. तो हसला सुद्धा. अगदी शहाणा माणूस. मला वाटायला लागलं, आता उठेल. पण सूर्य डोंगरांच्या उलट बाजूला, पाण्याकडे झुकला तसा तो गप्प होत गेला. त्याने हातोडी खिळ्यावरून काढली आणि मला जिन्याच्या तोंडाशी नेलं. खाली काही पायऱ्यांनंतर काळं पाणी होतं. त्यावर तेलाचा तवंग, आणि तवंगात वरच्या दाराचा तांबडा तुकडा.

"हात लाव," तो म्हणाला.

मी भिंतीच्या पत्र्याला तळवा लावला. पत्रा दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता, जनावराच्या अंगासारखा. आम्ही उभे राहिलो. मला माझंच रक्त ऐकू येत होतं. मग तळव्याला काहीतरी लागलं. आवाज म्हणता येणार नाही. आतून कुणी बोट टेकवावं तसं. थोड्या वेळाने पुन्हा.

भंडाऱ्याने हातोडीने हलकेच दोनदा उत्तर दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'बघ, मी सांगत होतो' असं काही नव्हतं. नुसता आनंद होता, कुणीतरी सोबत ऐकलं याचा.

पुढे मी स्वतःला कैक वेळा समजावलं. ऊन उतरलं की लोखंड आकसतं, सांधे कुरकुरतात. खडकावर बसलेलं जहाज पाण्याच्या चढउताराने तसूभर हलतं. मी यंत्रांत काम केलेला माणूस, मला हे कळतं. पण त्या जिन्यावर उभं असताना यातलं काही मनात आलं नाही. मनात आलं ते असं की आता खालून हाक आली तर मीसुद्धा उत्तर देईन.

त्या वेळी बाहेरून हाक आली खरी, पण बाईच्या आवाजात. "काका! अहो काका!"

आम्ही डेकवर आलो. खाली होडीत डॉक्टर मोटरीपाशी, आणि पुढे वहिनी उभ्या, शिडी धरून. त्यांना पाण्याची भीती होती. एका हाताने शिडी आणि दुसऱ्याने पदर घट्ट धरला होता. त्यांनी वर पाहून, घरात हाक मारावी तशी मारली. "काका, पानं वाढलीत. भात निवतोय. चला बघू लवकर, मग मला भांडी घासायचीत."

आम्ही दोन पुरुष दिवसभर त्याला समजावत होतो, पुरावे देत होतो. वहिनींनी त्यातलं काहीच केलं नाही. भंडाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. किती दिवस तो वाढत होता आणि कोणी येत नव्हतं. त्याला जेवायला बोलावणारं मात्र कुणीच नव्हतं. "इलंय, इलंय," तो म्हणाला, आणि लगबगीने आत गेला. मी पाठोपाठ गेलो. त्याने चुलीची आग बंद केली, भातावर झाकण ठेवलं, कमरेचं फडकं सोडून घडी घातली. निघताना तो जिन्याच्या तोंडाशी थांबला आणि खाली वाकून म्हणाला, "मी जेवन येतंय रे. खंय जावक नको."

मग तो शिडीवरून उतरला.

वाळूवर पाय टेकल्यावर तो पडला. इतके महिने कललेल्या जमिनीवर चालून त्याचे पाय सपाटीला विसरले होते. माझ्या खांद्याला धरून, एका बाजूला झुकत तो तंबूपर्यंत आला. वहिनींनी खरंच पानं वाढली होती. हमूरचं कालवण, भात, लोणचं. तो मान खाली घालून जेवला, एक शब्द न बोलता. एक मूठ भात त्याने पानाच्या कडेला काढून ठेवला.

अंधारात आम्ही निघालो. गाडीत तो वहिनींशेजारी, खिडकीची काच वर करून बसला होता. चौकीवर शिपायाने तीन इकामे आणले, गाडीत टॉर्च मारला आणि मोजू लागला. तीन कागद, चार चेहरे. पुन्हा मोजले. चौथ्या चेहऱ्यावर टॉर्च थांबला. "मिन वेन?" त्याने विचारलं. हा कुठून? डॉक्टरांनी जहाजाकडे हात केला. शिपाई दोन पावलं मागे सरला, टॉर्च विझवला, आणि आतून साहेबाला बोलवायला अक्षरशः पळाला. साहेब चांगला माणूस होता. त्याने भंडाऱ्याचा हात हातात घेतला, बोटं दाबून बघितली, जिवंत आहे याची खात्री करावी तशी, आणि म्हणाला, आधी इस्पितळ, मग कागद. यल्ला, निघा.

डॉक्टरांनी त्याला आपल्या वॉर्डात ठेवलं. खंगला होता, पण धोक्याचं काही निघालं नाही. पलंग सरळ आहे म्हणून त्याला झोप लागेना. डॉक्टरांनी पलंगाच्या एका बाजूच्या पायांखाली विटा दिल्या, तेव्हा तो झोपला.

तेलवाल्याचं कळायला बरेच दिवस लागले. जहाजाच्या जेद्दातल्या एजंटाकडून निरोप आला की तो जिवंत आहे आणि गावी पोचला आहे. त्या दिवशी एक मच्छीमार बोट जहाजाला लागली होती. तिला घाई होती, एकालाच घेणार होते. तो गॅलीच्या दारात येऊन म्हणाला होता, "जातंय रे, माणसां घेवन येतंय." निम्मं वाक्य तळणाच्या आवाजात गेलं. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याच्याकडे ना इकामा ना पासपोर्ट, म्हणून त्याला धरलं आणि काही आठवड्यांनी विमानात बसवलं. तिथल्या प्रत्येकाला तो हातवारे करून सांगत होता की जहाजावर अजून एक जण आहे. त्याची भाषा कोणाला कळत नव्हती, आणि ज्यांना कळली त्यांना खरं वाटलं नाही.

हे भंडाऱ्याला मी सांगितलं. त्याने पांघरुणाची घडी घातली. मग म्हणाला, "बरा झाला." आणि थोड्या वेळाने, "मग खाली कोण रवलो?"

काही आठवड्यांनी त्याचे कागद झाले आणि तो घरी गेला.

डॉक्टरांना त्या खाडीत पुन्हा जायचं होतं. ते म्हणायचे, आतमध्ये नीट बघून आलं की विषय संपेल. मी नाही म्हणालो. वहिनींनी तर त्या दिशेला तंबू न्यायचा नाही असं बजावलं. आम्ही दक्षिणेकडच्या एका खाडीत जाऊ लागलो, तिथे इतर कुटुंबं यायची, पोरं फुटबॉल खेळायची, कोणीतरी कबाब भाजत असायचं. मासे कमी मिळायचे. चालायचंच.

पुढच्या सुट्टीत मी मालवणला गेलो तेव्हा त्याच्या गावी जाऊन आलो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बायको, सून, अंगणात सुकत घातलेली कोकमं. तो छान भरला होता. मला बघून उठला, मिठी मारली, जेवल्याशिवाय सोडलं नाही. स्वयंपाक बायकोने केला. आता हा चुलीजवळ जात नाही, असं ती म्हणाली. जेवताना तेलवाला येऊन बसला. उंच, हसरा, बडबड्या माणूस. भंडारी त्याच्याशी अगदी नीट वागत होता, पाणी देत होता, मासा वाढत होता. फक्त त्याच्याकडे बघताना मधेच थांबायचा, दाराकडे नजर टाकायचा, आणि मग पुन्हा बोलू लागायचा. कुणाची तरी अजून यायची वाट असल्यासारखा. तेलवाल्याला त्याची सवय झालेली दिसली. त्याने मला डोळ्यांनीच खूण केली: असूं दे.

परत निघालो तेव्हा भंडारी मला एसटीपर्यंत सोडायला आला. सरळ वाट किनाऱ्यावरून जात होती, मी येताना तिनेच आलो होतो. त्याने मला मागच्या बाजूने नेलं, काजूच्या बागेतून, घाटी चढून, उतरून, तिप्पट लांबच्या वाटेने. त्या वाटेवरून समुद्र कुठेच दिसत नव्हता. वाटेत तो मला कुठल्या झाडाचे काजू चांगले, कुणाची विहीर आटत नाही, हे दाखवत होता. थांब्यावर आम्ही दगडावर बसलो. गाडी दिसली तसा तो उठला आणि माझी पिशवी मला दिली.

"परत जातलंस थंय?"

"जातलंय. अजून कराराची दोन वर्सां आसत."

"जा," तो म्हणाला. "तुझ्या त्या वहिनीक सांग, भंडाऱ्यान इचारल्यान म्हणून. तिचा कालवण बरा होता. मीठ जरा कमी."

गाडी सुटली तेव्हा मी मागे पाहिलं. तो घाटीच्या वाटेला लागलाही होता, एका बाजूला किंचित झुकून चालत.